नानांना ऐकू न येणारा आवाज

जानेवारीत चिपळूणला गेले तेव्हा नाना स्टँडवर घ्यायला आले होते. सकाळची वेळ, वाशिष्ठीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मिनिटभरात डाव्या बाजूने आवाज सुरू झाला. बारीक, तार ताणल्यासारखा, कुईंऽऽ कुईंऽऽ करत चाकाबरोबर फिरणारा. नानांनी ब्रेकवर पाय ठेवला की दबायचा, पाय उचलला की पुन्हा यायचा.

"नाना, हा आवाज कसला?"

"कसला आवाज?"

मी काच खाली केली. आता तर रस्त्यावरची माणसंसुद्धा वळून बघत होती. नाना मात्र शांतपणे गाडी चालवत होते. घरी आल्यावर आईला विचारलं, तर ती म्हणाली, "दिवाळीपास्नं सांगतेय मी. ह्यांना वाटतं मी उगाच काहीतरी काढते."

नाना ७६ वर्षांचे आहेत. उतारवयात कान आधी सोडतात ते उंच पट्टीचे आवाज. सायलेन्सर सैल झाला, गिअर नीट पडला नाही, तर नानांना माझ्याआधी कळतं. मोबाइलची बारीक रिंग मात्र त्यांना शेजारी बसूनही ऐकू येत नाही. आणि ब्रेक पॅड झिजल्याचा इशारा गाडी नेमक्या त्याच पट्टीत देते. पॅडच्या पत्र्याला एक छोटी पोलादी जिभली असते. पॅडचं अस्तर दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती जिभली डिस्कला, म्हणजे पॅड ज्या फिरत्या चकतीवर दाबून गाडी थांबते तिला, टेकते आणि किंचाळते. त्यासाठीच ती बसवलेली असते. ज्याच्यासाठी ती किंचाळत होती त्यालाच ते ऐकू येत नव्हतं. त्या सकाळी मला हे कळलं आणि मी पुण्याला परत जायचा बेत चार दिवस पुढे ढकलला.

आणखी एक गोष्ट दिसली. मीटरच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात काळी चिकटपट्टी लावलेली होती. सोलून बघितली तर खाली एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा जळत होता.

"तो दोन वर्षं जळतोय," नाना म्हणाले. "गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, आठ दिवसांनी परत लागला. मग म्हणाला मॉड्यूल, म्हणजे त्याचा मेंदूच गेलाय, चाळीस हजार. म्हटलं, ब्रेक तर लागतायत. रात्री डोळ्यांवर येत होता म्हणून पट्टी लावली."

ब्रेक लागत होते हे खरं आहे. एबीएस बंद पडलं तरी साधे ब्रेक चालूच राहतात, यंत्रणा तशीच बनवलेली आहे. पण नाना पोस्टातून निवृत्त झाल्यावर २०१० मध्ये ही गाडी घेतली तेव्हा जास्तीचे पैसे भरून वरचं मॉडेल घेतलं होतं, ते याच एका गोष्टीसाठी. भारतात नव्या गाड्यांना एबीएस सरसकट सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. बॉशने ते मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बाजारात आणलं १९७८ मध्ये. मधली चाळीस वर्षं आपल्याकडे ते बहुतेक वरच्या मॉडेलांतच मिळायचं. परशुराम घाटात पावसात तांबडा चिखल रस्त्यावर उतरतो, तिथे वळणावर ब्रेक मारला की चाकं जागीच जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाते. एकदा जुन्या गाडीत नानांचं असं झालं होतं, आम्ही सगळे आत होतो. त्यानंतर त्यांनी ठरवलं होतं की पुढची गाडी एबीएसचीच. आणि आता दोन पावसाळे ते त्याच घाटातून एबीएसशिवाय ये-जा करत होते.

मार्चमध्ये गाडीच्या पासिंगला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, पुढच्या पाच वर्षांसाठी आरसी नवी करून घ्यायची होती. तपासणीच्या आधी ब्रेक बघायलाच हवे होते. शेजारचा मुलगा आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला आहे, त्याला हाताशी घेतलं. मी स्वतः पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मल्टिमीटर माझ्या बॅगेत कायम असतो.

पहिल्या दिवशी आम्ही एकही नट सोडला नाही, नुसतं ऐकलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना आवाज येत नसतो, आणि 'आवाज येतो' एवढंच सांगितलं तर मेकॅनिक अंदाजाने काहीतरी बदलणार, दुसरं काय करणार? आवाज कधी येतो, कधी जातो, कशाबरोबर वाढतो, हे गाडी चालवणाऱ्यानेच सांगायचं असतं.

आधी गाडी उभी ठेवून इंजिन रेस केलं, स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरलं. काही नाही. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्याचा प्रश्न नव्हता. (पट्टा ओरडत असला तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला किंवा स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर ओरडतो. हात आणि ओढणी लांब ठेवून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडं पाणी मारायचं. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर पुली एका रेषेत नाहीत, आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे.) मग सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाला गाडी न्यूट्रल केली. इंजिन खाली आलं, आवाज मात्र चाकाच्या वेगाबरोबरच हळूहळू उतरला. म्हणजे आवाज चाकातलाच. घुमल्यासारखा जाड आवाज असता आणि वळणावर बदलला असता तर मी बेअरिंगवर संशय घेतला असता. खरखर सतत आली असती तर डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला असेल म्हटलं असतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर ते सारखं होतं, आणि खडा काढून पत्रा हाताने थोडा वाकवला की काम होतं. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला करकरते, तो वरवरचा गंज, त्याची काळजी करू नये. आमचा आवाज यातला कुठलाच नव्हता.

कुठलं चाक हे शोधायला मुलाने छान युक्ती सांगितली. आमच्या गल्लीत एका बाजूला लांब जांभ्याची भिंत आहे. काचा खाली करून गाडी भिंतीला लागून हळू नेली, आधी डावी बाजू भिंतीकडे, मग वळवून उजवी. भिंत आवाज परत फेकते. डाव्या बाजूला कानठळ्या, उजवीकडे जवळजवळ काही नाही.

दुसऱ्या दिवशी पुढचं डावं चाक काढलं. मागच्या चाकांना पुढून-मागून जांभ्याचे तुकडे लावले, जॅकच्या जोडीला स्टँड ठेवला. नुसत्या गाडीच्या जॅकवर हात आत घालू नये, हे मी त्या मुलाला दोनदा सांगितलं आणि इथेही सांगते. आतली काळी पूड फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या पॅडच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

बाहेरच्या पॅडचं अस्तर सहा मिलिमीटर होतं. आतल्याचं जेमतेम दोन. गॅरेजवाल्याने दिवाळीत चाक न काढता, रिमच्या फटीतून बघून "पॅड आहेत अजून" सांगितलं होतं. फटीतून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. आतला बघायचा तर चाक काढावंच लागतं.

एकाच चाकातले दोन पॅड असे कमीजास्त का झिजले? दोन्ही पॅड धरून ठेवणारा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. खालची पिन जाम झाली होती. तिचा रबरी बूट फाटला होता आणि आत वाळलेली माती होती, बारीक, पिवळसर, पुराच्या गाळासारखी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमचं घर चढावर असल्यामुळे वाचलं, पण गाडी अंगणाच्या उताराला होती आणि डावीकडची चाकं हबपर्यंत पाण्यात होती. नंतर गाडी धुतली, ऑइल बदललं. कॅलिपरच्या पिना कोणी उघडून बघितल्या नाहीत. मीही नाही.

पिन अर्धा तास जंगतेल मारून, हळूहळू फिरवून काढली. पॉलिश पेपरने घासली, भोक साफ केलं, नवे बूट घातले आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, ते रबर फुगवतं आणि पिन पुन्हा धरते. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे बदलले, एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढू शकते. डिस्क कुठपर्यंत झिजलेली चालते ते बहुधा डिस्कवरच कोरलेलं असतं, ते बघून कॅलिपर-गेजने मोजलं, डिस्क ठीक होती. पिस्टन मागे दाबताना बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी भरून वाहत नाही ना, यावर आईने लक्ष ठेवलं. ऑइल काळपट झालं होतं, तेही काढून डॉट ४ प्रतीचं नवं भरलं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढतं. ताजं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेल्यासाठी ती हद्द १५५ अंशांची आहे. घाटाच्या उतारावर हा फरक जिवाचा असतो. सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल दहा-बारा वेळा दाबून कडक केलं. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं. हे विसरून लोक अंगणातल्या भिंतीवर गाडी घालतात.

आवाज गेला. आईने अंगणात उभं राहून कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. नाना तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

एबीएसला तिसरा दिवस लागला. माझ्याकडे मोबाइलला जोडायचा छोटा ओबीडी रीडर आहे, तो इंजिनातल्या बिघाडांचे कोड दाखवतो, एबीएसच्या मॉड्यूलशी बोलत नाही. त्या रीडरवर 'कोड नाही' आलं म्हणून गाडीत दोष नाही असं समजू नये. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनला चांगला स्कॅनर घेऊन बोलावलं. कोड आला सी ००३५, पुढच्या डाव्या चाकाचा वेग-सेन्सर. गॅरेजवाल्यालाही हाच कोड दिसला असणार, म्हणून त्याने सेन्सर बदलला. पण कोड सांगतो तो कुठल्या चाकाचा सिग्नल बिघडला एवढंच. तो सेन्सरमुळे बिघडला, वायरीमुळे, कपलरमुळे (वायरीच्या जोडामुळे), चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्यामुळे की बेअरिंगमुळे, हे कोड सांगत नाही.

इलेक्ट्रिशियनदादांना मी म्हटलं, स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकदम लावा आणि गाडी चालवू या. ही सगळ्यात कामाची तपासणी. तीसला चारही आकडे एकसारखे. वेग कमी करत आणला तर तीन चाकं सहा-सातपर्यंत आकडा दाखवत होती, डावं पुढचं पंधराच्या खाली आलं की एकदम शून्य. मॉड्यूलला वाटणार, हे चाक जाम झालं की काय.

जुन्या गाड्यांतला हा सेन्सर साधा असतो, लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. समोरून दातेरी कडं फिरलं की तारेत एसी व्होल्टेज तयार होतं. चाक जोरात फिरलं तर जास्त, हळू फिरलं तर कमी. सेन्सर आणि दात्यांमधलं अंतर वाढलं की सिग्नल मुळातच बारीक होतो, आणि हळू वेगाला मॉड्यूलला तो दिसेनासा होतो. नव्या गाड्यांत बहुतेक दुसऱ्या जातीचे सेन्सर असतात, त्यांना बाहेरून वीज लागते, त्यांच्यावर मल्टिमीटरचा ओहम लावू नये, काही कळत नाही आणि सेन्सर खराब होऊ शकतो. आधी आपला कुठला ते बघायचं.

आमचा जुन्या जातीचा. कपलर सोडून मोजलं, डावीकडे १.१ किलोओहम, उजवीकडेही तेवढंच. गुंडाळी शाबूत. वायर हलवून, वाकवून मोजलं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून मोजलं, आकडा हलला नाही. (वायर नेहमी वळणाच्या जागी आतून तुटते, बाहेरचं रबर धडधाकट दिसतं. आणि उंदीर. कोकणात भाताच्या दिवसांत वायरिंग कुरतडलेली गाडी दर आठवड्याला एखादी येते, असं इलेक्ट्रिशियनदादा म्हणाले.) मग मीटर एसीवर ठेवून मुलाला चाक हाताने फिरवायला सांगितलं, साधारण सेकंदाला एक फेरा. उजवीकडे ०.३५ व्होल्ट. डावीकडे ०.०८.

त्या दोन आकड्यांनी चाळीस हजारांचं मॉड्यूल वाचवलं. सेन्सर चांगला, वायर चांगली, सिग्नल पाव. उरलं अंतर. चाक वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगला खेळ नव्हता. सेन्सर एकाच बोल्टवर असतो, आमचा दहाच्या पान्याचा. बोल्ट निघाला, सेन्सर निघेना. हातोडी न मारता तेल टाकून दुपारभर ठेवला, मग डावी-उजवीकडे फिरवत बाहेर आला. खालची बैठक बघितल्यावर इलेक्ट्रिशियनदादा नुसतंच "अरेरे" म्हणाले. सेन्सर ज्यात बसतो त्या नकलच्या लोखंडावर गंजाचा फुगलेला थर होता, पापडासारखा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि त्याने सेन्सरला दात्यांपासून वर उचलून धरलं होतं. दोन वर्षांपूर्वी नवा सेन्सर याच गंजावर बसवला गेला. तो आठ दिवस कसाबसा चालला. आम्ही सोडला तो सेन्सर जवळजवळ नवाच होता.

वायर ब्रश, पॉलिश पेपर, आणि शेवटी बोटाने चाचपून खात्री. सेन्सरच्या टोकाला लोखंडाची बारीक पूड चिकटली होती, ती पुसली. आरसा आणि टॉर्च घेऊन दातेरी कडं पूर्ण एक फेरा फिरवून पाहिलं, कुठे तडा नव्हता. हे बघणं वगळू नये. पुण्यात माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीत कड्याला केसाएवढा तडा होता. दिवा लागायचा नाही, पण सिग्नलला थांबताना शेवटच्या क्षणी, कोरड्या रस्त्यावर, पेडल पायाखाली थरथरायचं आणि गाडी दोन हात पुढे जायची. तडा समोरून गेला की मॉड्यूलला एक दाता उशिरा दिसतो, ते समजतं चाक घसरतंय आणि ब्रेक सोडतं. ते पॅड बदलून कधीच बरं झालं नसतं.

सेन्सर परत बसवून फट मोजायची पातळ पट्टी (फीलर गेज) घातली, आता अंतर ०.८ मिलिमीटर. हाताने चाक फिरवलं, ०.३४ व्होल्ट. कोड पुसला, दिवा विझला.

संध्याकाळी आम्ही तिघं गावाबाहेरच्या मातीच्या मैदानावर गेलो. कोणी नव्हतं. नानांना म्हटलं, चाळीसपर्यंत न्या आणि ब्रेक पूर्ण जोराने दाबा. पेडल खडखडलं, नानांनी घाबरून पाय उचलला. एवढ्या वर्षांत त्यांना ते कधी जाणवलंच नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. "नाना, ते थरथरणं म्हणजेच एबीएस. पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा आणि गाडी जिकडे न्यायची तिकडे स्टिअरिंग वळवायचं." दुसऱ्यांदा त्यांनी दाबून ठेवलं. माती उडाली, पेडल धडधडत राहिलं, गाडी वळली आणि थांबली. नाना स्टिअरिंग धरून तसेच बसले.

"तेव्हा परशुरामात हे असतं तर," ते म्हणाले.

मागच्या सीटवरून आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

परत निघण्याआधी नानांना एक गोष्ट दाखवून ठेवली. किल्ली फिरवली की एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागायला हवा आणि मग विझायला हवा. लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढलाय, जुनी गाडी विकत घेताना हे पहिलं बघावं. विझला नाही तर दोष आहे. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची आणि फोन करायचा, अजिबात पुढे जायचं नाही.

फेब्रुवारीत नानांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आलेखावर डावीकडची रेघ बरी होती आणि उजवीकडे, उंच पट्ट्यांकडे, ती सरळ खाली उतरत गेली होती. मी तो आलेख बराच वेळ बघत होते. यंत्र लावायला नाना तयार झालेत, सवय व्हायला वेळ लागेल. तोवर आई पुढच्या सीटवर बसते, आणि गाडी गल्लीतल्या जांभ्याच्या भिंतीशी आली की नाना स्वतःच काच खाली करतात आणि तिला विचारतात, "काय गो, ऐकू येतंय काही?"